हमी कागदावर, भुर्दंड ग्राहकावर

दसरा किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात, तालुक्याच्या गावात एक दृश्य हमखास दिसते. दुचाकीच्या दुकानासमोर झेंडूचे हार घातलेल्या नव्या मोटारसायकली उभ्या असतात. घरातील वडीलधारी स्त्री चाकाला कुंकू लावते, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने ती केवळ वाहनाची खरेदी नसते. मुलाची नोकरी, मुलीचे महाविद्यालय, वडिलांचा छोटा व्यवसाय असे बरेच काही त्या दोन चाकांवर उभे असते. चावीबरोबर विक्रेता एक पुस्तिकाही हाती देतो. तिच्यातील बारीक अक्षरांतील हमीच्या अटी त्या दिवशी कोणी वाचत नाही, आणि पुढेही, इंजिन बंद पडेपर्यंत, कोणी वाचत नाही.

ज्याचा अनुभव अनेक घरांनी घेतला आहे, असा एक प्रसंग समजून घ्यावा. एका विमा प्रतिनिधीची कर्जावर घेतलेली मोटारसायकल चौदाव्या महिन्यात घाट चढताना एकाएकी जाम होते. हमीची मुदत शिल्लक असते. गाडी टेम्पोत घालून अधिकृत सेवा केंद्रात नेली जाते. दोन दिवसांनी निरोप येतो : ‘इंजिनात ऑइल कमी होते, म्हणून पिस्टन आणि सिलिंडर गेले. हा ग्राहकाचा निष्काळजीपणा आहे. वॉरंटीत बसत नाही.’ सोबत काही हजार रुपयांच्या खर्चाचा अंदाज. हप्ते चालू, गाडी बंद, आणि दोष मात्र ग्राहकाच्याच माथी! बहुतेक जण थोडी हुज्जत घालतात, ओळखीच्या कोणाला तरी फोन करून पाहतात आणि शेवटी निमूटपणे पैसे भरतात. प्रश्न या निमूटपणाचा आहे.

कारण कोणते, परिणाम कोणता?

‘ऑइल कमी होते’ हे विधान खरे असू शकते. परंतु ते उत्तर नसून प्रश्नाची सुरुवात आहे. इंजिनातील तेल पिस्टन व सिलिंडर, क्रँकची बेअरिंग आणि कॅम यांच्या पृष्ठभागांवर एक पातळ पडदा निर्माण करते. तो तुटला की धातूवर धातू घासतो, उष्णता वाढते, पिस्टन प्रसरण पावतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो. इथपर्यंत मतभेद नाही. मात्र तेल कमी का झाले, याची कारणे एकाहून अधिक असतात. मालकाने कित्येक महिने तेलाची पातळी पाहिलीच नाही, हे एक कारण झाले. पिस्टनच्या रिंगा नीट बसत नसतील, किंवा व्हॉल्व्हचे ऑइल सील सदोष असेल, तर तेल ज्वलनकक्षात शिरून जळत राहते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, हे दुसरे. मागच्या सर्व्हिसिंगच्या वेळी तेल कमी भरले गेले, किंवा खालचा ड्रेन बोल्ट नीट आवळला गेला नाही, हे तिसरे. शिवाय तेल पुरेसे असूनही ऑइल पंप दुर्बल असेल किंवा गाळणी तुंबलेली असेल, तर वरच्या भागापर्यंत तेल पोहोचत नाही आणि इंजिनाची तीच गत होते.

या कारणांपैकी केवळ पहिले ग्राहकाच्या पदरात पडते. सदोष रिंगा, सील वा पंप यांची जबाबदारी उत्पादकाची असते, तर सर्व्हिसिंगमधील चुकीची जबाबदारी खुद्द सेवा केंद्राची असते. म्हणजे ज्याच्या हातून चूक झाली असण्याची शक्यता आहे, तोच इंजिन उघडतो, तोच तपासतो आणि तोच निकाल देतो! आरोपी, पंच आणि न्यायाधीश या तिन्ही भूमिका एकाच टेबलामागे बसलेल्या असतात. अशा व्यवस्थेत तपास प्रामाणिक असला तरी तो प्रामाणिक आहे हे सिद्ध कसे व्हायचे?

हाच न्याय इतर कारणांनाही लागू पडतो. एक मोफत सर्व्हिसिंग पंधरा दिवस उशिरा झाले, आरसा वा हॉर्न बाहेरून बसवला, पंक्चर काढताना चाक कोपऱ्यावरच्या गॅरेजात उघडले; एवढ्यावरून संपूर्ण हमी रद्द झाल्याचे सांगितले जाते. उशिरा झालेल्या सर्व्हिसिंगमुळे इंजिनाची हानी झाली असेल, तर कंपनीने तसे दाखवून द्यावे. परंतु हॉर्नमुळे कोणत्याही इंजिनाचा पिस्टन अडकत नाही. अटीचा भंग आणि झालेले नुकसान यांचा कार्यकारणसंबंध दाखविल्याखेरीज हमी नाकारणे म्हणजे दिलेला शब्द फिरविण्यासाठी निमित्त शोधणे होय.

या भूमीला अपरिचित नसलेला विचार

ग्राहकहक्क ही पाश्चात्त्य देशांकडून आलेली कल्पना आहे, असा एक समज सुशिक्षितांत आढळतो. तो अपुऱ्या माहितीवर आधारलेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खरेदी-विक्रीचा व्यवहार फिरविण्याच्या मुदतीचा स्वतंत्र विचार आहे, आणि ‘कंटकशोधन’ या अधिकरणात खोटी मापे व हीन माल यांबद्दल व्यापाऱ्यांना दंड सांगितले आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात तर खरेदीनंतर वस्तूची परीक्षा करण्याची मुदत वस्तूगणिक ठरवून दिली आहे : बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक दिवस, रत्नांना सात दिवस, दुभत्या जनावराला तीन दिवस, आणि ओझे वाहणाऱ्या, ओढणाऱ्या जनावराला पाच दिवस. बी रुजते की नाही हे कळायला वेळ लागतो, बैल ओढतो की नाही हे जुंपल्याशिवाय समजत नाही, हे त्या शास्त्रकारांनी ओळखले होते. निर्दोष माल दाखवून सदोष माल देणाऱ्याने दुप्पट मूल्य परत करावे आणि तेवढाच दंडही भरावा, असे नारदस्मृती सांगते.

आजची मोटारसायकल म्हणजे त्या काळच्या जुंपायच्या बैलाचीच जागा घेणारे वाहन. पाच दिवसांच्या जागी आता दोन ते पाच वर्षांची मुदत आली, एवढेच. तत्त्व तेच आहे : दोष आत दडलेला असेल आणि घेणाऱ्याला तो पाहता येत नसेल, तर त्याची जबाबदारी देणाऱ्याची. हमी हा कंपनीने केलेला उपकार नव्हे. तिची किंमत वाहनाच्या किमतीत ग्राहकाने आधीच मोजलेली असते.

कायद्याचे बळ

हे तत्त्व स्वतंत्र भारतात कायद्याच्या रूपाने यायला वेळ लागला. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले, तेव्हा ‘ग्राहक’ या शब्दाला कायद्यात स्वतंत्र स्थान नव्हते. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. या कायद्यान्वये ग्राहकाला आपल्या निवासाच्या किंवा कामाच्या ठिकाणच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनीचे मुख्यालय दिल्लीत आहे की चेन्नईत, याची चिंता त्याने करण्याचे कारण नाही. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हावी लागते. वकील सक्तीचा नाही. विमा प्रतिनिधी किंवा दूधवाला आपल्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वाहन वापरत असेल, तरी तो ग्राहकच ठरतो. ‘व्यापारी वापर’ म्हणून त्याला हाकलता येत नाही.

बाहेरच्या गॅरेजच्या प्रश्नावर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेला आदेश महत्त्वाचा आहे. चौदा मोटार उत्पादक कंपन्यांना एकूण अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावताना आयोगाने बजावले की, स्वतंत्र गॅरेजमधून काम करून घेतले एवढ्याच कारणाने सरसकट हमी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. हे प्रकरण चारचाकींचे होते आणि पुढे ते अपिलांत गेले. तथापि, त्यामागील न्यायबुद्धी दुचाकीच्या ग्राहकालाही आपल्या युक्तिवादात मांडता येईल.

मात्र कायदा एकतर्फी नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. सेवेतील त्रुटी सिद्ध करण्याचा प्राथमिक भार तक्रारदारावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. तसेच हमीत सदोष भाग बदलून देण्याचे वचन असेल, तर त्या आधारावर संपूर्ण नवे वाहन मागता येत नाही, अशी भूमिका त्याच न्यायालयाने २००६ मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात घेतली होती. भाग दुरुस्त करून देण्याबरोबरच त्या ग्राहकाला प्रवासखर्चापोटी भरपाईही मिळाली. तेव्हा मागणी प्रमाणात असावी आणि पुराव्यासह असावी. संतापाच्या भरात ‘नवी गाडीच द्या’ म्हणणारा ग्राहक आपलीच बाजू दुबळी करतो.

हक्काची दुसरी बाजू

पुरावा जपणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे, आणि येथेच आपला समाज कमी पडतो. सर्व्हिसिंगची पावती शर्टाच्या खिशात धुतली जाते. कोऱ्या जॉबकार्डावर सही केली जाते. वास्तविक गाडी सेवा केंद्रात देताना जॉबकार्डावर किलोमीटरचा आकडा आणि तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यावी. इंजिन आपल्या उपस्थितीत उघडावे असा लेखी आग्रह धरावा. निघालेले तेल मोजून त्याची नोंद व्हावी. पिस्टन, सिलिंडर, रिंगा, गाळणी यांची छायाचित्रे काढावीत. बदललेले भाग कचऱ्यात जाऊ देऊ नयेत, कारण तेच पुढचे साक्षीदार असतात. हमी नाकारली तर ती कोणत्या अटीखाली आणि कोणत्या तांत्रिक निष्कर्षावरून, हे लेखी मागावे. तोंडी नकार देणे सोपे असते, कागदावर कारण लिहिताना माणूस विचार करतो. अनेक प्रकरणे या टप्प्यावरच मिटतात.

एवढ्याने भागले नाही, तर विक्रेता आणि उत्पादक या दोघांनाही स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. त्यानंतर जिल्हा आयोग. दोष तपासणीविना ठरविता येत नसेल, तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठविण्याची तरतूद कायद्यात आहे. सेवा केंद्राच्या शब्दापुढे स्वतंत्र तज्ज्ञाचा अहवाल उभा करता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, हे दुर्दैव. शासनाने आयोगांतील रिक्त पदे वेळेवर भरली नाहीत, तर उत्तमातला उत्तम कायदाही कागदावरच राहतो. इंजिनाच्या हमीची जी गत, तीच मग कायद्याच्या हमीची होते.

आणि प्रामाणिकपणाचा आग्रह दोन्ही बाजूंना लागू आहे. वर्षभर तेलाची पातळी न पाहणारा, पुराच्या पाण्यातून गाडी रेटून नेणारा, आणि नंतर ‘कंपनीचाच दोष’ म्हणून ओरडणारा ग्राहकही आहे. त्याच्यामुळे खऱ्या तक्रारदाराकडे संशयाने पाहिले जाते. हक्क मागणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात.

विक्रेत्याकडेही केवळ शत्रू म्हणून पाहणे योग्य नव्हे. तालुक्याचा विक्रेता बहुधा त्याच गावचा असतो, त्याच गणेशोत्सवाची वर्गणी देतो. हमीखाली केलेल्या दुरुस्तीचे पैसे कंपनी मंजूर करील की नाही, ही धास्ती त्यालाही असते, आणि त्या धास्तीपोटी तो आधीच ग्राहकाला नकार देऊन मोकळा होतो. म्हणून दोन्ही पक्षांना मान्य होईल असा स्वतंत्र तपास कंपन्यांनी आपण होऊन उपलब्ध करून द्यावा. ‘स्वदेशी’चा अभिमान बाळगणाऱ्या समाजाला असे मागण्याचा विशेष अधिकार आहे. भारतात बनलेली मोटारसायकल आज अनेक देशांच्या रस्त्यांवर धावते, ही गौरवाची गोष्ट होय. पण परदेशातील ग्राहकाला जपणारा उद्योग घरच्या ग्राहकाला वाऱ्यावर सोडत असेल, तर त्या गौरवाला तडा जातो. देशी उद्योगाला पाठबळ देणे याचा अर्थ त्याच्या चुकांवर पांघरूण घालणे नव्हे.

एकटा ग्राहक दुबळा असतो, हा ग्राहक चळवळीचा पहिला धडा. संघटित झाला की त्याच्या शब्दाला वजन येते. प्रत्येक वस्तीत वकील, अभियंता, निवृत्त कर्मचारी असतात. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांनी शेजाऱ्याची पावती पाहण्यासाठी, पत्राचा मसुदा करून देण्यासाठी, आयोगात सोबत जाण्यासाठी दिली, तर कित्येकांचे प्रश्न सुटतील. त्यासाठी मोर्चा नको, घोषणा नकोत. त्या विमा प्रतिनिधीने पैसे निमूटपणे भरण्याऐवजी ‘कारण लेखी द्या’ असे शांतपणे म्हणावे आणि तसे म्हणताना त्याच्या शेजारी कोणीतरी उभे असावे. मुहूर्तावर वाहनाची पूजा करणाऱ्या समाजाने त्या वाहनाबरोबर मिळालेल्या शब्दाचीही राखण करायला शिकले पाहिजे.