टाळेबंदी उठली, तासिका उरली

टाळेबंदीला चाळीस दिवस होत असताना, 4 मे 2020 रोजी राज्याच्या वित्त विभागाने खर्चाला कात्री लावली. आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण वगळता नवी भरती बंद! तिजोरीत खडखडाट होता, हे मान्य. हार्वर्डसारख्या गडगंज विद्यापीठानेही त्याच वर्षी एप्रिलमध्ये नेमणुका गोठवल्या होत्या.

पण आपली प्राध्यापकभरती करोनाआधीपासूनच अंथरुणाला खिळलेली होती. 2017 मध्ये बंदी आली. नोव्हेंबर 2018 मध्ये 3,580 सहायक प्राध्यापकपदांना परवानगी मिळाली आणि ती भरती अर्धवट असतानाच ही दुसरी बंदी आली. उरलेल्या 2,088 पदांना हिरवा कंदील मिळायला नोव्हेंबर 2021 उजाडला. दरम्यान नव्या उमेदवारांची वाटही अडली होती. या पदासाठीच्या पात्रता परीक्षाही लांबल्या: जूनमधली सेट डिसेंबर 2020 मध्ये झाली. डिसेंबर 2020 ची नेट तर जून 2021 च्या नेटमध्ये विलीन होऊन 20 नोव्हेंबर 2021 पासून घेतली गेली.

चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ निघाले, ते जंगलातल्या मुलांना उच्च शिक्षणासाठी नागपूरच्या तोंडाकडे पाहावे लागू नये म्हणून. पण तिथल्या कॉलेजांतही नियमित पद रिकामे असले की वर्ग सांभाळतो तो तासिका तत्त्वावरचा, म्हणजे ‘सीएचबी’ प्राध्यापक. करोनाआधी पदवीच्या एका तासाला त्याला 500 रुपये मिळत. आठवड्याला नऊ तास धरले, तर महिन्याला जेमतेम अठरा हजार; तेही कॉलेज सुरू असेल तेव्हाच. उन्हाळ्याच्या सुट्टीत हात रिकामे.

मार्च 2020 मध्ये वर्गांना कुलूप लागले आणि शिकवणे मोबाइलवर आले. गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्लीकडे रेंजसाठी टेकडी गाठावी लागे. तिथे विद्यार्थ्याचा तास बुडाला, आणि तासावर पोट असलेल्या शिक्षकाचा घासही अडला.

तासिकेचे दर पुढे वाढले, पण नियमित पदाची सुरक्षितता त्यातून मिळत नाही. गडचिरोलीची बदली म्हणजे शिक्षा, असे मानणाऱ्या व्यवस्थेने एवढे तरी पाहावे की, इथेच शिकून, नेट-सेट होऊन, इथेच शिकवू इच्छिणारे तरुण दारात उभे आहेत. सरकारने या दोन जिल्ह्यांतली रिक्त पदे आधी भरावीत आणि ती भरेपर्यंत सीएचबी प्राध्यापकांना बाराही महिने मानधन द्यावे.