रोजा, हृदयरुग्ण आणि दुपारची गोळी

रमजान सुरू झाला की घराचे सारे वेळापत्रक सहेरी आणि इफ्तारभोवती फिरू लागते. औषधांच्या चिठ्ठीवर मात्र सकाळ, दुपार, रात्र असेच लिहिलेले असते. या दोहोंचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न हृदयविकार असलेल्या रोजेदारांपुढे दरवर्षी उभा राहतो. अनेक जण तो कोणालाही न विचारता सोडवतात आणि दुपारची गोळी महिनाभर बंद करतात.

हा मार्ग धोक्याचा आहे. अँजिओप्लास्टीत स्टेंट बसवल्यानंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या जातात. त्यातली क्लोपिडोग्रेल साधारणतः दिवसातून एकदा, तर टिकाग्रेलोर दोनदा घ्यावी लागते. त्या चुकल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. मेटोप्रोलोलसारखी गोळी एकदम थांबवली तर छातीत दुखणे वाढू शकते. लघवी वाढवणाऱ्या गोळीची गोष्ट उलटी. ती सहेरीला घेतली तर शरीरातले पाणी निघून जाते आणि दिवसभर पाणी पिता येत नाही. मग चक्कर येते, मूत्रपिंडांवरही ताण पडतो.

यावर उपाय आहे. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि महाराष्ट्रात रोजा सुमारे 13 तासांचा असतो. त्यामुळे दिवसातून दोनदा घ्यायची औषधे सहेरी आणि इफ्तारला बसू शकतात. तीनदा घ्यायच्या औषधाऐवजी दीर्घकाळ परिणाम टिकणारी गोळी देता येईल का, हे डॉक्टर पाहू शकतात. हा बदल शाबान महिन्यातच झालेला बरा, कारण नवी मात्रा मानवते का, हे पाहायला वेळ लागतो. ज्यांनी तेव्हा विचारले नाही, त्यांनी आता तरी विचारावे.

प्रत्येक हृदयरुग्णाला रोजा ठेवता येईलच असे नाही. प्रकृती स्थिर आणि रक्तदाब आटोक्यात असलेले अनेक जण डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजे ठेवतात. पण नुकताच झटका आलेल्या, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्या अथवा थोड्या श्रमानेही दम लागणाऱ्या रुग्णांना डॉक्टर सहसा मनाई करतात.

अशा रुग्णांसाठी दीनमध्ये वाट मोकळी आहे. सूरह बकराच्या 184 आणि 185 व्या आयतींत आजाऱ्याला रोजा सोडून तो नंतर पूर्ण करण्याची सवलत आहे. ज्याचा आजार बरा होण्याची आशा नाही, त्याच्यासाठी फिदिया आहे. तरीही ही सवलत घेताना माणूस संकोचतो. मोहल्ल्यात सगळे रोजेदार असताना आपण पाणी कसे प्यायचे, ही लाज अनेकदा आजारापेक्षा जड होते.

छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या गोळीबद्दलही संभ्रम असतो. 1997 मध्ये जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने, घशाकडे आलेले गिळले नाही तर या गोळीने रोजा तुटत नाही, असा निर्णय दिला. काही उलेमांचे मत वेगळे आहे. मात्र जिवावर बेतले असताना औषध घ्यावे, यावर मतभेद नाही. रोजा तुटला तरी त्याची कजा करता येते. म्हणून ती गोळी तरावीहच्या वेळीही खिशात असावी आणि दुखणे थांबले नाही तर 108 क्रमांकावर फोन करावा.

खरी अडचण आहे ती दवाखाना आणि मशीद यांच्यातल्या अंतराची. डॉक्टर रोज्याबद्दल विचारत नाहीत, रुग्ण सांगत नाही आणि इमामांपर्यंत औषधाची बाब पोहोचत नाही. दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकणारा रमजान 2030 मध्ये जानेवारीत येईल, रोजे आणखी लहान होतील. पुढे तो पुन्हा मे-जूनच्या उन्हाळ्यातही येणारच आहे. त्याआधी जुम्म्याच्या बयानात रुखसतीबद्दल दोन शब्द आणि दवाखान्यात ‘रोजे ठेवणार का?’ हा एक प्रश्न, एवढी सवय लागली तरी दुपारची गोळी गुपचूप बंद करण्याची वेळ पुष्कळांवर येणार नाही.