नदीची शुद्धी बांधापासून

चेन्नईच्या नद्यांची चर्चा बहुधा कूवमच्या दुर्गंधीपासून सुरू होते आणि सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पांपाशी संपते. शहरी टप्प्यापुरते हे निदान योग्यच आहे. मात्र शहराच्या पश्चिमेस, केशवरम बंधाऱ्याजवळ कोसस्थलैयार नदीपासून फुटणारी कूवम भातखाचरे आणि ‘एरी’, म्हणजेच सिंचन तलाव, यांच्या प्रदेशातून वाहत येते. कोसस्थलैयारवरील पूंडी जलाशय 1944 पासून शहराची तहान भागवतो. या पाणलोट क्षेत्रातील पाण्याची गुणवत्ता केवळ शहरातील यंत्रे ठरवू शकत नाहीत. ती शेतकऱ्यांच्या निर्णयांवरही अवलंबून असते.

शेतातून येणाऱ्या प्रदूषणाला एकच एक मुख नसते. फवारणीनंतरच्या पहिल्या जोरदार पावसात, किंवा खाचरातील पाणी सोडून देताना, नत्र, स्फुरद आणि कीडनाशकांचे अंश शेकडो चरांतून ओढ्यांत उतरतात. विरघळलेली कीडनाशके वाळूच्या गाळण्यांनी व क्लोरीनने खात्रीने दूर होत नाहीत. म्हणून ती पाण्यात उतरू न देणे हाच खरा उपाय ठरतो.

यासाठी पाण्याची परीक्षा हवी. बाटलीत भरलेला नमुना त्या क्षणाचीच साक्ष देतो. ओढ्यात आठवडे, महिने काढणारे कीटक त्या साऱ्या काळाची साक्ष देतात. मेफ्लाय व कॅडिसफ्लाय यांच्या पाण्यातील अवस्थांना बहुधा प्राणवायूयुक्त पाणी लागते. कायरोनोमिड माश्यांच्या लाल अळ्या प्राणवायू कमी असतानाही तग धरतात. पाण्यात प्राणवायू पुरेसा आणि अधिवासही अनुकूल असताना मेफ्लाय एकाएकी नाहीशी झाली, तर कीडनाशकाचा संशय घेण्यास जागा असते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांचा या कीटकांवर अत्यंत तीव्र परिणाम होतो. पांढरा ट्रे, बारीक जाळी व भिंग एवढ्या साहित्यावर ही प्राथमिक पाहणी गावातच होऊ शकते. रासायनिक तपासणीची जागा ती घेणार नाही. तपासणी कोठे करावी, हे मात्र सांगेल.

भातशेतीच्या दृष्टीनेही हा मार्ग तोट्याचा नाही. तपकिरी तुडतुड्यांवर पायरेथ्रॉइड फवारल्यास कोळी व मित्रकीटक मरतात आणि तुडतुड्यांचा पुनरुद्रेक होतो. तमिळनाडूतील शिफारशीनुसार कोळी नसताना प्रति फुटवा 1 तुडतुडा ही नियंत्रणाची पातळी आहे. प्रति चूड 1 कोळी असल्यास ती 2 तुडतुड्यांपर्यंत जाते. म्हणजे कोळी मोजणारा शेतकरी एखादी फवारणी वाचवू शकतो. इंडोनेशियाने 1986 साली भातावरील 57 कीटकनाशकांवर बंदी घालून एकात्मिक कीड व्यवस्थापन स्वीकारले. त्यामुळे देशाचे भात उत्पादन कोसळले नाही.

तरीही ही जबाबदारी एकट्या शेतकऱ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. काठावर गवताचा पट्टा सोडला तर त्याचे क्षेत्र घटते. फवारणी लांबवली तर जोखीम त्याची आणि लाभ मात्र शहराचा. न्यूयॉर्क शहराने हा पेच ओळखला. कॅट्सकिल परिसरातील शेतांवर शेणखत व्यवस्थापन आणि ओढ्याकाठच्या वनस्पतिपट्ट्यांचा खर्च शहराने उचलला, शेतकऱ्यांचा सहभाग ऐच्छिक ठेवला आणि त्या जलस्रोतासाठी प्रचंड खर्चाचा गाळण प्रकल्प टाळला. दोन्हीकडची शेती वेगळी असल्याने तेथील आराखडा जसाच्या तसा चेन्नईत उतरणार नाही. परंतु पाणी पिणाऱ्याने पाणी राखणाऱ्याला मोबदला द्यावा, हे तत्त्व पूंडीलाही लागू पडते.

महाराष्ट्राने या प्रश्नाकडे परक्याचा म्हणून पाहू नये. 1976 साली महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेश या राज्यांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातून प्रत्येकी 5 टीएमसी पाणी चेन्नईसाठी देण्याचे मान्य केले. तेलुगू गंगा प्रकल्पातून ते पाणी 1996 मध्ये पूंडीत पोहोचले. वाटेतील मोठी धरणे पाहता सांगलीच्या मळ्यातील औषधाचा चेन्नईच्या नळाशी थेट संबंध जोडणे अशास्त्रीय ठरेल. पण कराराने पाण्याचे परिमाण ठरते, गुणवत्ता नव्हे. कृष्णाकाठच्या ऊस व द्राक्ष पट्ट्यातून वाहून जाणारी खते आणि औषधे प्रथम काठावरच्याच गावांच्या विहिरींत व ओढ्यांत उतरतात.

म्हणून विस्तार कार्यकर्त्यांच्या शेतीशाळांत पिकावरील कीड मोजण्याबरोबर जवळच्या ओढ्यातील कीटकांचीही नोंद व्हावी: पावसाळ्यापूर्वी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा, दरवर्षी त्याच जागी. किती प्रात्यक्षिके झाली याऐवजी किती फवारण्या टळल्या आणि ओढ्यात कोणते कीटक परतले, यावर पाणलोट कार्यक्रमांचे मूल्यमापन व्हावे. अशा सलग नोंदी हाती असतील, तर शहरांकडे मोबदला मागताना शेतकऱ्यांची बाजू भक्कम राहील.