छायाचित्रांचा मक्ता आणि पालकांची निवड

अमेरिकेतील शाळांमध्ये शैक्षणिक वर्षाच्या आरंभी येणारा ‘पिक्चर डे’ तेथील पालकांच्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्यामागे शाळा आणि व्यावसायिक छायाचित्रकार यांच्यातील व्यापारी करार असतो, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हा करार बहुधा एकाधिकाराचा असतो. म्हणजे ठरलेल्या मुदतीत शाळेत विद्यार्थ्यांची छायाचित्रे काढण्याचा आणि त्यांच्या प्रती पालकांना विकण्याचा मक्ता एकाच कंपनीकडे राहतो. मोबदल्यात ती कंपनी ओळखपत्रांचे व शाळेच्या नोंदींचे काम विनामूल्य करून देते, ‘इयरबुक’साठी, म्हणजे वर्षाच्या अखेरीस निघणाऱ्या स्मरणपुस्तकासाठी, छायाचित्रे पुरवते आणि पुष्कळदा विक्रीतील काही हिस्सा कमिशन म्हणून शाळेला देते. शाळेला यात पदरमोड करावी लागत नाही, हे खरे. परंतु हा सारा खर्च पालकांनी मोजलेल्या किमतीतूनच भागवला जातो, हेही तितकेच खरे आहे.

या व्यवसायाचा आवाका लाइफटच या कंपनीच्या वाटचालीवरून ध्यानात येतो. 1936 मध्ये मिनेसोटा राज्यात ‘नॅशनल स्कूल स्टुडिओज’ या नावाने सुरू झालेली ही कंपनी 2018 मध्ये शटरफ्लाय या छायाचित्र-व्यवसायातील कंपनीने सुमारे 82.5 कोटी डॉलरना विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी शटरफ्लाय स्वतः अपोलो या गुंतवणूक समूहाकडे गेली. एवढी किंमत केवळ कॅमेऱ्यांची आणि छपाईयंत्रांची नसते. दरवर्षी नव्याने येणाऱ्या ग्राहकांपर्यंत पोहोचण्याची जी वाट शाळेच्या फाटकातून जाते, तिचेही मोल त्यात धरलेले असते. येथेच या बाजाराचा मूळ दोष आहे. निवड शाळा करते आणि पैसे पालक देतात, त्यामुळे कंपन्यांची चढाओढ पालकांना स्वस्त आणि चांगले छायाचित्र देण्यासाठी होण्याऐवजी शाळेला अधिक सवलती आणि अधिक कमिशन देण्यासाठी होऊ लागते.

त्याचा सर्वांत टोचणारा आविष्कार म्हणजे ‘स्पेक’ विक्री, अर्थात मागणी नसताना आधीच छापून पाठवलेल्या छायाचित्रांची विक्री. लहान-मोठ्या आकारांच्या प्रतींचे पाकीट मुलाच्या दप्तरातून घरी येते. पालकांनी हव्या तेवढ्या प्रती ठेवून पैसे पाठवावेत आणि उरलेल्या परत कराव्यात, अशी सूचना त्यासोबत असते. ज्या घरात हा खर्च परवडत नाही, तेथे आपलेच छायाचित्र वर्गशिक्षकांकडे परत नेऊन देण्याचे काम त्या मुलाच्या वाट्याला येते. बाजाराचा हा दबाव शाळेने आपल्या हातांनी मुलापर्यंत पोहोचवावा, हे शिक्षणसंस्थेला शोभणारे नाही.

अशा करारांना न्यायालयीन आव्हाने मिळाली, पण ती फारशी टिकली नाहीत. शाळांना दिले जाणारे कमिशन आणि मोफत सेवा स्पर्धाविरोधी आहेत, असा दावा व्हर्जिनियातील छायाचित्रकारांनी ओलन मिल्स कंपनीविरुद्ध केला होता. तो संघीय अपील न्यायालयाने 1990 मध्ये फेटाळला. तथापि कायद्याने न अडवलेली प्रत्येक गोष्ट शाळेने करण्याजोगी ठरत नाही, कारण शाळा ही पालकांच्या विश्वासावर चालणारी संस्था आहे.

मुलांच्या क्रीडास्पर्धांमध्ये हाच प्रश्न अधिक व्यापक होतो. बेसबॉल किंवा सॉकरच्या स्थानिक लीगमध्ये संघाचे आणि खेळाडूचे छायाचित्र एकाच पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवून विकले जाते. तेथवर व्यवहार साधाच असतो. परंतु इलिनॉय राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने स्पर्धांच्या छायाचित्रांचे करार एका कंपनीशी केल्यावर वृत्तपत्रांनी आपल्या छायाचित्रांच्या प्रती वाचकांना विकू नयेत, असे बंधन घातले आणि 2007 च्या अंतिम फुटबॉल सामन्यांत ते न मानणाऱ्या वृत्तछायाचित्रकारांना मैदानाच्या कडेला येण्यास मज्जाव झाला. प्रकरण न्यायालयात गेले आणि 2008 मध्ये तडजोड होऊन ते बंधन सुटले. याउलट विस्कॉन्सिनमध्ये सामन्यांच्या थेट प्रक्षेपणाचा एकाधिकार अपील न्यायालयाने 2011 मध्ये वैध ठरवला. मात्र वृत्तपत्रांचा वार्तांकनाचा हक्क आणि संपूर्ण सामन्याचे प्रक्षेपण या दोन वेगळ्या बाबी आहेत, असा भेद त्या निकालात केलेला आहे.

एकाधिकाराच्या बाजूनेही काही रास्त कारणे आहेत. शेकडो मुलांची छायाचित्रे एका दिवसात, शिकवण्यात फारसा खंड न पाडता काढायची असतील आणि मुलांजवळ येणाऱ्या प्रत्येक अनोळखी व्यक्तीची पडताळणी करायची असेल, तर एकच जबाबदार छायाचित्रकार असणे सोयीचेही असते आणि सुरक्षितही. म्हणून प्रश्न करार असावा की नसावा हा नसून त्याची मर्यादा कोणती, हा आहे. शाळेच्या स्वतःच्या कामापुरता मक्ता समर्थनीय आहे. पालकाने आपल्या मुलाचे छायाचित्र कोणाकडून काढावे किंवा वार्ताहराने सार्वजनिक सामना कसा टिपावा, येथवर तो पोहोचता कामा नये. कमिशनची टक्केवारी पालकांना आधी कळवली जावी, मागणीवाचून प्रती छापल्या जाऊ नयेत आणि मुलांची छायाचित्रे किती काळ जतन केली जातील, हे करारातच लिहिलेले असावे.

गणवेश आणि वह्या ठरावीक दुकानातूनच घेण्याच्या सक्तीविरुद्ध तक्रारी करणाऱ्या महाराष्ट्रातील पालकांना हा प्रश्न परका नाही. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसल्यास, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम स्वामी ते काढवून घेणारा असतो, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या विदेसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती हे तत्त्व स्वीकारले आहे. छायाचित्रांचे कंत्राट देताना शाळांनी ही दोन्ही तत्त्वे समोर ठेवावीत आणि कराराचा मसुदा पालक-शिक्षक संघापुढे मांडूनच त्यावर सही करावी; कारण ज्या व्यवहाराचे पैसे पालक देतात, त्याच्या अटी त्यांच्यापासून दडवण्याचा अधिकार कोणत्याही शाळेला नाही.