लढाईवरून परतलेला शिपाई

दुसऱ्या महायुद्धातले मराठे म्हटले की नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव ही दोन नावे हमखास निघतात. घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबरच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. जाधवांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी गोळ्यांच्या माऱ्यातून दोन जखमी सोबत्यांना वाचवले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या मागेपुढे चालणारे बाकीचे शिपाई मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतात.

१९३९ मध्ये जेमतेम दोन लाखांच्या घरात असलेले हिंदी सैन्य १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेले. भरतीची सक्ती नव्हती. पण माण-खटावच्या कोरड्या रानात किंवा कोकणातल्या भाताच्या तुकड्यावर वर्ष निघत नव्हते, आणि पलटणीत दरमहा सोळा-अठरा रुपये, दोन वेळचे जेवण, अंगावर कपडा मिळत होता. घरी मनिऑर्डर जात होती. ‘पोटासाठी गेले’ असे आपण सहज म्हणतो. पोटासाठी आम्हीही बँकेत गेलो. आमच्यावर कोणी गोळ्या झाडत नव्हते, इतकेच.

हा शिपाई १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनचे डोंगर चढला. जून १९४२ मध्ये तोब्रुक पडले, तेव्हा मराठ्यांची एक अख्खी पलटण कैद झाली. इटलीतली थंडी त्याने काढली. आणि परतला तो कोणत्या देशात? नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यावर आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला होता, सारा देश त्यांच्यामागे उभा होता. ते योग्यच होते. पण त्या जल्लोषात, इंग्रजांच्या गणवेशात फॅसिस्टांशी लढून आलेल्या माणसाने गावात काय सांगायचे? तो गप्प बसला. औताला जुंपून घेतले किंवा गिरणीत लागला.

युद्धापुरत्या भरतीतल्या बहुतेकांना मुक्त करताना थोडी रक्कम हातावर ठेवली गेली. पेन्शनला पंधरा वर्षांची नोकरी लागे. यांची चार-पाच भरलेली. १९७२ मध्ये केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली, तीत हे बसणारच नव्हते. दरवर्षी नोव्हेंबरात बँकेच्या खिडकीशी म्हातारे हयातीचा दाखला घेऊन रांग लावतात. जिवंत असल्याचा पुरावा मागावा, एवढेही सरकारचे या माणसाकडे काम नव्हते.

पुढे राज्य सरकारने पेन्शन नसलेल्या या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मानधन सुरू केले, पण तोवर कितीतरी जण निघून गेले होते. आज जे कोणी उरले असतील, ते शंभरीच्या आसपास असतील. मानधनाच्या अर्जाला सैन्यातून सुटल्याचे कागद लागतात. ते कागद माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, पदकांखाली. पदके टिकली आहेत. कागदांना बहुतेक घरांत वाळवी लागली.