रेडिओचा श्रोता कुणी घालवला?

रेडिओचा विषय काढला की नांदेड-लातुरात हल्ली एकच उत्तर येतं, ‘आता कोण ऐकतंय?’ चहाच्या टपरीवर हे ऐकू येतं, जिल्हा परिषदेच्या आवारात ऐकू येतं आणि माध्यमांवर व्याख्यानं देणारी मंडळीही हेच सांगतात. मोबाइल आला, लोकांच्या सवयी बदलल्या, रेडिओ आपल्या मरणाने मेला, त्यावर सरकारने पैसा कशाला घालायचा, असा या विधानाचा पुढचा प्रवास असतो. लोकांनी रेडिओ कमी केला, हे त्यातलं एवढंच खरं आहे. त्यावरून काढलेला बाकीचा सगळा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि मराठवाड्यापुरता तो घातकही आहे.

आधी ‘सवय’ या मुद्द्याकडे पाहू. लातुरात शिकवणी वर्गांच्या गल्लीतून संध्याकाळी चालत जा. दहातल्या सात-आठ पोरांच्या कानात काहीतरी घातलेलं दिसेल. शेतात पाळी घालणाऱ्या ट्रॅक्टरवर स्पीकर लावलेला असतो. म्हातारी माणसं नातवाकडून यूट्यूबवर कीर्तन लावून घेतात आणि फोन उशाशी ठेवून ऐकत पडतात. मुंबई-पुण्याला कामाला गेलेली पोरं आईला व्हॉट्सॲपवर आवाजातच निरोप धाडतात, कारण आईला वाचता येत नाही. आपल्या भागात ऐकणं वाढलेलं आहे. एवढा ऐकणारा समाज भोवती असताना ‘ऐकायची सवय गेली’ हे कारण पुढे करता येत नाही. माणूस ऐकतोच आहे, मग तो रेडिओ का ऐकत नाही, हा खरा प्रश्न आहे.

याचं उत्तर रेडिओच्या इतिहासातच आहे. १९५२ च्या सुमारास माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना कात्री लावली. लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकावं, असा त्यांचा आग्रह होता. लोकांनी काय केलं? संचाची सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. अमीन सयानी यांची बिनाका गीतमाला घराघरात गेली ती याच काळात. तेव्हाही कुणी म्हणू शकलं असतं की आकाशवाणीचा काळ सरला. पण ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली, लोकांना हवं ते मिळायला लागलं आणि श्रोता परत आला. श्रोता दिलं नाही तर जातो आणि दिलं तर येतो, हे सरकारी रेडिओने स्वतः एकदा अनुभवलेलं आहे. तेव्हा गाणी काढून घेतली होती. या खेपेला काय काढून घेतलं, ते पाहिलं पाहिजे.

मराठवाड्याला रेडिओ उशिरा आणि तोकडा मिळाला. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानावरच्या पोलिस कारवाईनंतर निजामाने युद्धबंदी जाहीर केली ती रेडिओवरून. आपल्या स्वातंत्र्याची बातमीच ध्वनिलहरींवरून आलेली. पण पुढे १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने शेतकरी रेडिओ मंडळांचा जगभर नावाजलेला प्रयोग झाला, तो पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत. सुमारे दीडशे गावांत लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, त्यावर चर्चा करायचे आणि मग कामाला लागायचे. आपण तेव्हा हैदराबाद राज्यात होतो, त्या यादीत नव्हतो. आपल्याकडे खेड्यापर्यंत रेडिओ नेला तो प्रामुख्याने परभणी केंद्राने. मीडियम वेव्हवर १३०५ किलोहर्ट्झला सुई आणायची आणि खरखर ऐकू आली की ट्रान्झिस्टर जागेवरच हळूहळू फिरवायचा. मीडियम वेव्हचा अँटेना संचाच्या आत आडव्या दांडीवर गुंडाळलेला असतो, त्यामुळे तोंड बदललं की आवाज साफ होतो. हे शास्त्र ठाऊक नसलं तरी नायगाव, अहमदपूरच्या आखाड्यांवर प्रत्येकाला आपल्या संचाची दिशा पाठ होती. सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे आणि आणखी दोन दिवस चालवायचे.

नांदेडला नव्वदीच्या आरंभी आकाशवाणीचं एफएम केंद्र झालं. ‘स्थानिक केंद्र’ ही कल्पना फार मोलाची होती. जिल्ह्यापुरतं केंद्र, जिल्ह्यातली माणसं, जिल्ह्याचे प्रश्न. देगलूर-बिलोलीकडचा तेलुगू-कन्नड वळणाचा हेल, किनवट-माहूरकडची बोली आणि शहरातली दखनी, हे सगळे आवाज एका जिल्ह्यात नांदतात. मुंबईच्या स्टुडिओत हे आवाज कधीच पोचणार नव्हते. आणि लातूर? विभागीय पातळीवरची कार्यालयं, शिक्षणाचा डंका, सोयाबीन-तुरीची एवढी मोठी बाजारपेठ, हे सगळं असलेल्या या जिल्ह्याला कार्यक्रम तयार करणारं आकाशवाणीचं स्वतःचं केंद्र मिळालंच नाही. लातूरकर परभणी, नांदेड आणि धाराशिव ऐकत आला. ज्या शहराला स्वतःचा रेडिओ कधी दिलाच नाही, त्या शहराने रेडिओ सोडला असं म्हणणं हा अन्याय आहे.

मग स्थानिक केंद्रांतून ‘स्थानिक’ हेच हळूहळू काढून घेतलं गेलं. आकाशवाणीतल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. निवृत्त झालेल्याच्या खुर्चीवर दुसरा आला नाही. नैमित्तिक उद्घोषकांच्या भरवशावर, महिन्यातल्या मोजक्या पाळ्यांच्या मानधनावर केंद्रं चालली. माणूसच नसेल तर ध्वनिमुद्रणाला मुखेडच्या शिवारात जाणार कोण? मग वरून येणारा कार्यक्रम लावायचा, जुनं ध्वनिमुद्रण पुन्हा वाजवायचं. जे गाणं फोनवर दोन बोटांत लागतं त्यासाठी माणूस रेडिओपाशी थांबत नाही, आणि त्याचं काहीच चुकत नाही.

खासगी एफएम नांदेडला आले तेव्हा वाटलं होतं की पोकळी भरेल. त्यांचे निवेदक चटपटीत, आपल्या गावचे, लोकांशी नीट बोलणारे. पण त्यांच्या तोंडाला कुलूप आहे. या देशात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं पुनःप्रसारित करा, एवढीच मुभा. सामुदायिक रेडिओचीही तीच गत. वर्तमानपत्राला बातमी चालते, दूरचित्रवाणीला चालते, यूट्यूबवर माईक घेऊन उभ्या राहिलेल्या कुणालाही चालते; परवाना घेऊन, शुल्क भरून, नियम पाळून चालणाऱ्या रेडिओला मात्र चालत नाही. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलं. खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्यांना द्यावीत, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, सप्टेंबर २०२३ मध्ये केली. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले, मोंढा उद्या बंद आहे, अमुक पुलावर पाणी आलंय, याची खबर गावातल्याच निवेदकाला स्वतः मिळवून देता येत नसेल, तर तो गाण्यांच्या मध्ये काय बोलणार?

आता दुसरा आक्षेप, आणि लोकांना तोच सगळ्यात पटतो: ‘मोबाइलवर सगळं मिळतं.’

२०२२ च्या पावसाळ्यात लातूर, धाराशिव, बीड भागात शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी बांधाच्या कडेने टाकायची, रात्री गोगलगायी त्याखाली गोळा होतात, सकाळी त्या उचलून नष्ट करायच्या, असा सल्ला कृषी विद्यापीठाने दिला. तो मोबाइलवर उपलब्ध होता, नक्कीच. पण ज्याला तो शोधायचं सुचलं त्यालाच. सल्ला त्या संध्याकाळी, त्या तालुक्यात, न मागता प्रत्येकाच्या कानावर पडायला हवा होता, कारण एकट्याने पोती टाकून उपयोग नसतो, शेजाऱ्याच्या रानातून गोगलगायी पुन्हा येतातच. फोन ज्याला त्याला त्याच्या आवडीचं देतो. न मागितलेलं, पण सगळ्यांना एकाच वेळी लागणारं असं काही असतं, ते द्यायला प्रसारणच लागतं.

विजेचंही तसंच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे वीज पडण्याचा इशारा देणारं ॲप केलं. चांगलं काम आहे. पण वीज पडून मरणारी माणसं बहुतेक रानात असतात. जवळचा फोन साधा, नाहीतर रिचार्ज संपलेला, नाहीतर रेंज नसलेला. मीडियम वेव्हचा रेडिओ तर दूरवर वीज कडाडली तरी कडकड करतो. त्या आवाजावरून ‘आभाळ कुठंतरी बिघडलंय, चला घराकडं’ म्हणणारे जुने सालगडी अनेकांनी पाहिलेले असतील.

आणि सगळ्यांना एकच आवाज ऐकू येणं का महत्त्वाचं, हे राईनपाड्याने दाखवलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या त्या गावात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होती. फोनमधल्या आवाजाला नाव नसतं, पत्ता नसतो, चूक झाली तर जाब विचारायला जागा नसते. रेडिओवरच्या आवाजाला केंद्र असतं, वेळ असते, जबाबदारी असते. त्या दिवसांत प्रत्येक तालुक्यात तासातासाला ‘ही अफवा आहे’ असं ओळखीच्या आवाजात सांगणारं कुणी असतं तर ती माणसं वाचली असती का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण सांगायची सोयच नव्हती, ही आपली चूक आहे.

मोबाइलचं जाळं उभं असतं ते विजेवर आणि टॉवरवर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा या टॉवरांचा पत्ताच नव्हता. आज ते आहेत, पण संकटात सर्वांत आधी तेच मान टाकतात. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली, फोन मुके झाले आणि लोक दुकानांत सेलवरचे रेडिओ शोधत फिरले. त्या देशांत आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं जाळं आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात रावणगाव, हसनाळ ही गावं रातोरात पाण्यात सापडली, लष्कराला बोलवावं लागलं. अशा रात्री सेलवर चालणारा संच आणि तालुक्यापुरता जागा असलेला एखादा निवेदक यांची किंमत करायची तर कशात करणार?

‘हे सगळं स्मरणरंजन आहे’ असं म्हणणाऱ्यांशी फार वाद घालत नाही. पूर, वीज आणि अफवा यांत रंजन कुठलं?

खर्चाचा आक्षेप मात्र गंभीर आहे. मीडियम वेव्हची जुनी प्रक्षेपण यंत्रं वीज खातात, सुटे भाग मिळत नाहीत, हे खरं. म्हणून एफएम वाढवा, याला माझा विरोध नाही. पण एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात; बालाघाटच्या रांगा आणि माहूरचे डोंगर मध्ये आले की आवाज तुटतो. पर्याय उभा राहण्याआधी जुनं बंद केलं तर मधली गावं अंधारात जातात. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक रेडिओने ३१ डिसेंबर २०२४ ला एफएम बंद करून सगळा भार डिजिटलवर टाकला आणि श्रोते गमावले. सधन देशाला जे जमलं नाही ते किनवटला जमेल असं मानणं धाडसाचं आहे.

पैसा नाही, हेही खरं नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसारभारतीच्या पायाभूत सुविधांसाठी २,५३९.६१ कोटींची योजना मंजूर केली. आकाशवाणीचं एफएम ६८ टक्क्यांऐवजी ८० टक्के लोकांपर्यंत न्यायचं, असं तिचं उद्दिष्ट. मनोरे उभे राहतील. मनोऱ्यावरून कुणाचा आवाज जाणार, त्या माणसांचा पगार कुठून येणार, हे मात्र आपण मागितल्याशिवाय ठरणार नाही. सर्वांत स्वस्त उपाय तर खिशातच आहे. कितीतरी मोबाइलच्या चिपमध्ये एफएम असतं, इअरफोनची तार अँटेनाचं काम करते, इंटरनेट लागत नाही. कंपन्या ते चालूच करत नाहीत. फोनमधलं एफएम बंद ठेवू नका, असं केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२३ मध्ये कंपन्यांना कळवलं, पण ती सूचना होती, सक्ती नव्हे. ती सक्ती झाली पाहिजे.

नव्या सवयींशी रेडिओचं भांडण आहे, असंही नाही. छत्रपती संभाजीनगर केंद्राचं सकाळी ७:१० चं बातमीपत्र आता यूट्यूबवरही ऐकता येतं, आणि सकाळी चुकलेला माणूस दुपारी ते ऐकतो. बातमी लहरींवरून आली की तारेवरून, त्याला फरक पडत नाही. ती आपल्या भागाची आहे, म्हणून तो ऐकतो. साताऱ्याच्या दुष्काळी म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी चालते, बारामतीला वसुंधरा वाहिनी चालते. ही छोटी सामुदायिक रेडिओ केंद्रं. पल्ला जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरचा, पण आपल्या माणसांना पुरेसा. मग औसा, निलंगा, कंधार, भोकर इथे महाविद्यालयांनी, कृषी विज्ञान केंद्रांनी पुढे का येऊ नये? कृषी विज्ञान केंद्रांना २००६ पासून परवानगी आहे, महाविद्यालयांना तर त्याआधीपासून.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतल्या ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत लातूर आहे, उदगीरही आहे. या वाहिन्या येतील तेव्हा त्यांच्यावर बातमीची बंदी तशीच असेल, तर लातूरला आणखी गाण्यांच्या पेट्या मिळतील, एवढंच. आमदार-खासदारांनी या लिलावाच्या अटी आत्ताच वाचाव्यात. ट्रायची शिफारस मान्य करून घ्यावी. लातूरला आकाशवाणीचं स्वतःचं केंद्र आणि नांदेडच्या रिकाम्या जागांवर माणसं, या दोन मागण्या मराठवाड्याच्या अनुशेषात सिंचनाच्या आणि रेल्वेच्या शेजारी लिहून घ्याव्यात.