जुना लॅपटॉप, नवा छंद

वीकेंडला दर वेळी मॉल कशाला? लॅमिंग्टन रोडला चक्कर मारा, जुना लॅपटॉप उचला! नवशिक्यांसाठी २०१८ चा थिंकपॅड टी४८० झकास. रॅम, एसएसडी दोन्ही बदलता येतात, विंडोज ११ पण चालतं. पैसे मोजण्याआधी बायोस उघडून बघा. पासवर्ड मागितला तर सरळ नमस्कार करून निघा. घरी आल्यावर चार्जर काढा, बायोसमधूनच आतली बॅटरी बंद करा, मागची काढून ठेवा. तळाचे स्क्रू सैल होऊन झाकणातच राहतात, हरवायचं टेन्शन नाही. पण बॅटरी फुगलेली दिसली, तर हीरोगिरी नको, बॉस! लिथियम बॅटरी टोचली की पेट घेऊ शकते. तिला चार्जही करू नका, ई-कचऱ्यात द्या. लॅपटॉप दुसरा मिळतो, बोटं नाही.